बिल पास झालं त्या दिवशी काका-काकू

अरे, मी अमेरिकेत मिडवेस्टात होतो तेव्हा तिथे जवळ बंदूक बाळगू देणारं बिल पास झालं ना, त्या मतदानाला मी सुधाकाकूंच्या शेजारी बसलो होतो. काकूंचं औषधांचं दुकान. एकदा भरदुपारी तिथे एकाने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं, तेव्हापासून त्या बिलाच्या बाजूने. त्यांचे यजमान, डॉक्टरकाका, इमर्जन्सीत सर्जन. लोकांच्या अंगातल्या गोळ्या काढून काढून ते कट्टर विरोधात. गव्हर्नरने सही नाकारली, म्हणून ती डावलून कायदा करायचा की नाही, याचं शेवटचं मतदान तिथल्या विधानसभेत होतं. दोघं एकाच गाडीतून आले. ड्राइव्ह मी केलं, मांडीवर नकाशाची प्रिंटआउट घेऊन.

गॅलरीतून मतांचा बोर्ड दिसत होता. बाजूच्या मतांचे हिरवे दिवे वाढत गेले आणि बिल दोन मतांनी पास झालं. काकूंनी मात्र टाळी वाजवली नाही.

गाडीत काकू म्हणाल्या, "बंदुकीच्या परमिटच्या क्लासला मी नाव देणार."

"दे," काका म्हणाले. "सोडायला मी येतो."

नुसते सोडून परत येतील तर ते काका कसले! वर्गात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. हे सर्जन आहेत कळल्यावर शिकवणारा म्हणाला, "डॉक्टर, गोळी शरीरात काय करते, ते तुम्हीच सांगा." काकांनी अर्धा तास सांगितलं. बारापैकी चौघं उठून घरी गेले.

काकू जागच्या हलल्या नाहीत. मला नंतर म्हणाल्या, "मी हे रोज जेवताना ऐकत आलेय रे."