उलटं टांगलेलं दप

अमृतप्पा : एवढंच सांग निले, आज तुझ्या सासऱ्याचा मेळ कोणतं कोडं घालणार हाय?

निलम्मा : न्हाई सांगत, अप्पा.

अमृतप्पा : अगं, तुझ्याच अंगणात तालीम करत्यात. ऐकलीस का न्हाई?

निलम्मा : ऐकली. भाकरी थापताना कानात बोळे घालू का?

अमृतप्पा : मग सांग की!

गंगम्मा : अहो, आत्ता सासरच्या गाडीतून उतरली पोर. दोन घास तरी खाऊ द्या.

अमृतप्पा : तू मधी पडू नको गंगू. दिवस मावळला की देवळापुढं दोन्ही मेळ समोरासमोर. त्यांनी गाण्यात कोडं घालायचं, आमी गाण्यातच सोडवायचं. न्हाई सुटलं की आमचं हे वाजवायचं दप त्यांचं. तुझ्या सासरी, राजेश्वर गावच्या देवळात उलटं टांगतील, अन् आपल्या मन्नाएखेळ्ळीचा माणूस दिसला की बोट दावून हसतील.

निलम्मा : ठावं हाय मला.

अमृतप्पा : काय ठावं हाय? घराघरातून जवारी गोळा करून घेतलंय ते दप. चन्नम्मानं तर पेरायची जवारी घातली त्यात. उद्या तिला काय तोंड दावू मी?

निलम्मा : हळू बोला. सासरची माणसं पारावरच बसल्यात.

अमृतप्पा : बसू दे! पोटची पोर असून बापाला...

निलम्मा : तिकडंबी हेच ऐकलं मी. "घरची सून असून" म्हणले.

गंगम्मा : कोण म्हणलं?

निलम्मा : मामंजी. "तुझ्या बापाची ठेवणीतली गाणी सांग" म्हणून मागं लागले. सासूबाईंनीबी विचारून बघितलं. न्हाई सांगितली.

गंगम्मा : अन् जावई?

निलम्मा : खाली मान घालून दप शेकत बसले.

अमृतप्पा : बरं केलीस. माझी पोर हायेस.

निलम्मा : निघताना मामंजी म्हणले, आज आमी हरलो तर परतीच्या गाडीत तुला जागा न्हाई.

(अमृतप्पा हातातलं दप खाली ठेवतो.)

गंगम्मा : अगं बाई! अन् हे आत्ता सांगायलीस?

निलम्मा : सांगणारच नव्हते, अव्वा. अप्पांनी बोलायला लावलं.

अमृतप्पा : राजेश्वरच्या देवळात ओल येती का गं? कातड्याला ओल सोसत न्हाई.

निलम्मा : कामून विचारायलात?

अमृतप्पा : असंच.

निलम्मा : असंच न्हाई. मुद्दाम हरायचं मनात हाय तुमच्या.

अमृतप्पा : दप दुसरं घेता येतं, पोरी.

निलम्मा : ते तुमचं हाय का, देऊन टाकायला? चन्नम्माला विचारलात? अन् मी तिथं कशी नांदू, रोज देवळात ते उलटं दप बघत? पाळण्यात होते तवापासून तुमचा हात ऐकलाय मी. मुद्दाम चुकलात तर पहिल्या थापंला कळंल मला.

गंगम्मा : ऐका तिचं. डोळं पुसा आधी.

निलम्मा : द्या ते दप हिकडं. कातडं ढिलं पडलंय, चुलीवर शेकून देते.

अमृतप्पा : अन् कोडं सुटलं तर? जिंकलो तर, निले?

निलम्मा : तर उद्या आपली गाडी राजेश्वरला धाडा, अप्पा. माझी लुगड्यांची पेटी तिथंच हाय, ती आणाय लागंल.