तिचा श्वास

ध्यानवर्गाबाहेरच्या बाकावर निवृत्त मास्तरीणबाई नाव नोंदवावं की घरी जावं, या विचारात बसल्या होत्या. शेजारी अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि त्याची थोरली बहीण बोलत होते.

"सहा आठवडे झाले. काही फरक पडला का रे?"

"श्वासाकडे लक्ष द्या म्हणतात, ताई. डोळे मिटले की मला त्या पोरीचाच श्वास ऐकू येतो. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली, मी मागे तिच्यापाशी गेलो, तिथंच दगावली ती."

"मग कशाला जातोस जखमेवर मीठ चोळून घ्यायला?"

"आधी उठून पळायचो. सर म्हणाले, झेपेल तेवढंच बसा. काल शेवटपर्यंत बसलो. तिचा श्वास थांबेपर्यंत."

मास्तरीणबाईंनी हातातला फॉर्म वाचायचा सोडून दिला.

"आणि मग?"

"मग माझा ऐकू आला. खूप रडलो, पण उठलो नाही. सकाळी तिच्या आईला फोन केला. वर्षभर तिचे फोन उचलत नव्हतो."

"काय म्हणाली?"

"शेवटी त्रास झाला का, एवढंच विचारलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं."

"तू काय सांगितलंस?"

"झाला म्हणालो. पण हात माझ्या हातात होता, हेही सांगितलं. तिनं फोन काही ठेवला नाही, ताई. मीही नाही ठेवला."