न्येंडोच्या हॉलमधला आवाज

आजच्या सभेचे अध्यक्ष, निम्म्या न्येंडोला छडीनं आणि उरलेल्या निम्म्याला नुसत्या नजरेनं शिकवणारे मुख्याध्यापक सेकिटोलेको गुरुजी. या सभागृहाची किल्ली मोठ्या मनानं देणारे फादर. कंपालाहून धूळ खात इथवर आलेल्या चित्रपट दिग्दर्शिका प्रॉस्कोव्हिया नाकिर्या आणि त्यांच्यासोबतचे वर्तमानपत्रवाले पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे एझेकिएल लुबोवा भाऊजी. आणि मागच्या पातेल्यांकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो. उकडलेल्या केळ्यांचे मातोके पानांत गुंडाळलेले आहेत, ते गार होणार नाहीत. माझं भाषण मात्र गार होईल, म्हणून आधी तेवढं ऐकून घ्या.

मी थकले आहे, हे सुरुवातीलाच सांगते. पहाटेपासून चुलीपुढे होते, पण तो शीण झोपेनं जातो. दुसरा एक शीण आहे, तो शुक्रवारचा. दर शुक्रवारी नवा सिनेमा येतो. जुनं पोस्टर खरवडायचं, नवं चिकटवायचं, कर्णा लावून गावभर ओरडायचं. हा आला, तो आला, याला अमुक बक्षीस मिळालं, त्याला तमुक. आणि बघायला कोण? ज्याच्या त्याच्या हातात फोन. माझे यजमान सालोंगो गेल्यापासून आमचा सिनेमाचा हॉल मी ओढते आहे. खरं सांगू? मी ओढत नव्हते. हॉल लुबोवा भाऊजींच्या आवाजावर चालला होता, मी नुसती दारात बसत होते.

कंपालाच्या मोठ्या थिएटरांत सिनेमा बघणाऱ्या पाहुण्यांना कदाचित नवल वाटेल, म्हणून सांगते. परदेशी सिनेमा आमच्याकडे मुकाच येतो. म्हणजे तो बोलतो, पण आम्हाला कळत नाही. मग पडद्याशेजारी माइक घेऊन एक माणूस बसतो आणि सगळा सिनेमा आमच्या लुगांडात बोलून दाखवतो. त्याला आम्ही व्हीजे म्हणतो. हिरो तोच, हिरॉइनही तोच, खलनायकही तोच आणि भुंकणारा कुत्राही तोच. गोरा हिरो गाडी पिटाळायला लागला की भाऊजी म्हणायचे, "बघा, बघा, हा आता आपल्या क्याबाकुझाच्या वळणावर उलटणार!" आणि नायक-नायिका जवळ आले की फुटबॉलचा निकाल सांगायचे. मी विचारलं, "भाऊजी, हे काय?" तर म्हणाले, "नालोंगो, आयाबाया बसल्यात. कुणीतरी लाज राखायला नको?"

आमच्या त्या हॉलमध्ये पुढच्या बाकावर एक मुलगी यायची. कोळीवाड्यातली, पाय कायम चिखलानं भरलेले. सगळ्या जगातले लोक लुगांडाच बोलतात अशी तिची कितीतरी वर्षं समजूत होती. ती मुलगी आज व्यासपीठावर बसली आहे. नाकिर्याबाई, हसू नका, हे तुम्हीच मला सांगितलंत.

मागल्या वर्षी हिच्या सिनेमाला कंपालात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. तो सोहळा आम्ही हॉलच्या पडद्यावरच लावला होता. न्येंडोची पोरगी म्हटल्यावर बसायला जागा नव्हती. भाऊजींनी त्या दिवशी कोट घातला होता. उन्हाळ्यात, पत्र्याखाली, कोट! का घातला, हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ती मंचावर गेली. देवाचे आभार, आईचे आभार, शिकवणाऱ्यांचे, कॅमेरावाल्याचे, स्वयंपाक्याचे, एवढंच काय, गाडी हाकणाऱ्याचेही. आता भाऊजींचं नाव घेईल, आता घेईल म्हणता म्हणता ती टाळ्यांत खाली उतरली.

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. भाऊजी उठले, म्हणाले, "छान बोलली. कुठे अडखळली नाही." मग कोट काढून हातावर घेतला आणि घरी गेले.

पुढे काही महिन्यांनी तिचा फोन आला. सिनेमा न्येंडोत दाखवायचा आहे, कंपालाच्या मॉलमधल्या थिएटरात आपल्या माणसांना कोण जाऊ देतं? मला आनंद झाला. शेवटी ती म्हणाली, "पण नालोंगो, एक अट आहे. लुबोवाकाका मध्ये बोलणार नाहीत."

हे त्यांना सांगायचं कुणी? मी नाही सांगितलं. शनिवारी दुपारी ती आली, तेव्हा तिच्याच तोंडून त्यांनी ऐकलं.

"सिनेमा लुगांडात आहे, काका. लोकांना कळेल."

"कळेल गं. पण मी तुझी जाहिरात बघितलीय. बाई नुसती पाण्याकडे बघत बसते. बघतेय, बघतेय, बघतेय! इथे लोक शेंगा खायला येतात. त्यांना झोप लागली तर?"

"लागू दे."

"मी थोडंसंच बोलेन. चवीपुरतं."

"तुम्ही फुटबॉल सांगाल, काका! ती माझ्या आईची गोष्ट आहे."

 भाऊजींनी माइकची वायर गुंडाळली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बरंय. आयुष्यात एकदा तरी फुकट सिनेमा बघतो." आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

सिनेमा सुरू झाला. ती बाई तळ्याकाठी मुकेने नावाची बारीक मासळी वाळत घालते आणि गेलेल्या होडीची वाट बघते. होडीत तिचा नवरा आहे आणि मुलगा. लोक पाय आपटायला लागले. "लुबोवा कुठाय? ए लुबोवा, झोपलास काय?" "नालोंगो, आवाज दे, नाहीतर आम्ही चाललो!" मी दारात घामाघूम. भाऊजी हलले नाहीत. पण हळूहळू पाय थांबले. का, ते मला सांगता यायचं नाही. ती बाई आपल्यासारखीच मासळी उलटत होती, म्हणून असेल.

मग पलीकडच्या किनाऱ्यावरचे दोघे कोळी मुलाला घेऊन आले. पोरगा जिवंत, नवरा दिसत नाही. बाई त्यांना विचारते, आणि ते बोलतात स्वाहिलीत. आपल्याकडे स्वाहिली किती जणांना येते? पोलिसाला दोन शब्द उत्तर देण्यापुरती. खाली पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती, पुरस्कार देणाऱ्यांनी वाचली असतील. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. एक म्हातारी मोठ्यानं ओरडली, "अरे, जिवंत आहे की मेला? कुणीतरी सांगा रे!"

प्रॉस्कोव्हिया माझ्याजवळच उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला. माझ्या हातातला माइक ओढून घेऊन ती शेवटच्या बाकाकडे धावली. "काका, सांगा ना त्यांना. लवकर सांगा."

भाऊजी उठले. ना आरोळी, ना विनोद. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हणाले, "तो म्हणतोय, बाई, आम्ही दोर टाकला. तुझ्या नवऱ्यानं तो आधी पोराच्या कमरेला बांधला."

आणि पुढचं वाक्य आलंच नाही. माइकमधून नुसता वारा यायला लागला. तोंड हलत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि आवाज नाही. तिनं त्यांच्या हातून माइक घेतला आणि पुढचं ती बोलली, "आम्ही दुसऱ्यांदा दोर टाकला, तेव्हा पाण्यावर कुणी नव्हतं."

त्या दिवशी न्येंडो माझ्या हॉलमध्ये रडलं. सिनेमावर रडलं की भाऊजींवर, ते वेगळं काढता येणार नाही.

डॉक्टरांनी त्यांना बोलणं बंद करायला आधीच सांगितलं होतं, हे नंतर कळलं. आम्हाला म्हणायचे, सर्दी आहे, आलं-लिंबू द्या. मी रागावले तर खरखरत्या आवाजात म्हणाले, "नालोंगो, शुक्रवारी सिनेमा येतो. आजार वाट बघतो, सिनेमा बघत नाही."

सिनेमा संपल्यावर दोघं बाहेर बाकड्यावर बसली होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा ती म्हणत होती, "काका, मंचावर तुमचं नाव जिभेवर आलं होतं. लाज वाटली. तिथे सगळे विचारत होते कुठल्या शाळेत सिनेमा शिकलीस, आणि मी म्हणू, पत्र्याच्या हॉलमध्ये?"

भाऊजी कसंबसं कुजबुजत म्हणाले, "बरं झालं नाही घेतलंस. तुझा सिनेमा कंटाळवाणा आहे असं मी गावभर सांगत होतो. हिशेब फिटला. चहा पी."

पुढचं तुम्ही जाणता. कंपालात शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज काढून ठेवावा लागला. गळ्याभोवती तो जो सुंदर रुमाल आहे, त्यामागून ते आता श्वास घेतात. नाकिर्याबाईंनी पुरस्कारवाल्यांना विनंती केली, या माणसाचा एकदा सन्मान करा. उत्तर आलं, हे लोक सिनेमा बिघडवतात, त्यांना सिनेमाचं बक्षीस कसं द्यायचं? गुरुजी, मला त्यांचा रागही येत नाही. तेवढी शक्ती राहिली नाही. आणि बिघडवायचे, हे खरंच आहे. पण त्यांनी बिघडवलं नसतं, तर या गावात सिनेमा कळला कुणाला असता?

भाऊजी उद्या जिंजाला लेकीकडे जात आहेत. कायमचे. परवाच्या शुक्रवारी ते शेवटचे हॉलमध्ये आले होते. हल्ली कंपालाहून बोलणं भरूनच सिनेमा येतो. कुणी तरुण व्हीजे आहे, हुशार आहे, आवाज मधाळ आहे. मी विचारलं, "कसा वाटतो?" भाऊजींनी आधी मान डोलावली, चांगला आहे म्हणून. मग पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं. त्या दिवशी ओरडलेली ती म्हातारी हसत होती, पदरानं डोळे पुसत होती, आणि तो व्हीजे पुढे निघून गेला होता. भरून आलेला आवाज आहे, तो कसा थांबणार? ती बिचारी शेजारणीला विचारत होती, "काय म्हणाला गं? माझं राहिलं." आमचे भाऊजी थांबायचे. तुमचं हसू संपेपर्यंत, तुमचं रडू आवरेपर्यंत, तुमच्या पोराला बाहेर नेऊन परत आणेपर्यंत, पडद्यावर काहीही चाललेलं असो. मी इतकी वर्षं दारात बसले होते, आणि हे मला परवा कळलं.

आता पुरे करते. अध्यक्षांचे, फादरांचे, पाहुण्यांचे, केळी सोलणाऱ्या सगळ्या बायकांचे आणि इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून तुमचे आभार. सत्कारमूर्ती उत्तरादाखल भाषण करणार नाहीत. ते उभे राहतील, तेव्हा टाळ्यांची घाई करू नका, त्यांच्याकडे जरा बघत राहा. माझ्या बोलण्यात कुठे कमी-अधिक झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पोटात घाला. मी चुकले की माइक घेऊन सावरून घेणारा माणूस इथेच बसला आहे, पण आज माझं मलाच निस्तरायचं आहे.