गळ्यावरचा साबण

न्हावी : मान अजून थोडी मागे. आणि हलू नकोस. मी काही करणार नाही ना रे?

मेहुणा : माहीत नाही बुवा. कराल किंवा नाही करणार.

न्हावी : अरे, गळ्याला साबण लावून बसलायस आणि असं बोलतोस?

मेहुणा : मनाच्या डॉक्टरीणबाईंनी हेच उत्तर पढवलंय, दाजी. तुम्ही धीर मागायचा, मी द्यायचा नाही. दिला की दहा मिनिटांनी तुमचं डोकं पुन्हा हात पसरतं, म्हणाल्या.

बायको : दहा मिनिटं कसली! मला दिवसातून चाळीसदा विचारायचे, 'मी तसला माणूस नाही ना गं?' घरातल्या सुऱ्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि कुलूप ओढून बघायला ह्यांच्या फेऱ्या. तीन महिने आम्ही टोमॅटो हातानं फोडून खातोय!

न्हावी : हसू नका रे. मजेत दाढी चाललेली असते आणि मध्येच मनात येतं, हात घसरला तर? घसरला नाही, आपणच फिरवला तर? घाम फुटतो. बावीस वर्षांत कुणाला ओरखडा नाही, तरी.

मेहुणा : आणि मग ते फोन.

न्हावी : कसले फोन?

बायको : आता साळसूदपणा नको! केस कापून गेलेल्या माणसाला दुपारी फोन, 'साहेब, मानेला कुठे लागलं नाही ना?' संध्याकाळी परत तेच. लोक म्हणायचे, काय सेवा आहे! शेजारचे दोन्ही सलूनवाले धसक्यानं आपापल्या गिऱ्हाइकांना फोन करायला लागले.

मेहुणा : मलाही वाटलं, धंद्याची युक्ती असेल.

न्हावी : वाटू दिलं मी. खरं सांगितलं तर धरून नेतील, अशी भीती होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असले विचार पुष्कळांना येतात. बाकीचे झटकून पुढे जातात, तुम्ही त्यांना खुर्ची देऊन बसवता.

बायको : अहो, बोलण्यात साबण वाळतोय. उचला वस्तरा. आज ही दाढी पार पडली तर दारावरची 'दाढी बंद' पाटी उतरणार, ठरलंय ना?

न्हावी : ठरलंय. गालापासून घेतो. ... लागलं?

मेहुणा : छे हो दाजी, बिनधास्त चालू द्या—

बायको : ए! दिलास ना धीर?

मेहुणा : चुकलो, ताई! तोंडातून निघून गेलं. दाजी, परत विचारा.

न्हावी : लागलं?

मेहुणा : कुणास ठाऊक! लागलं असेल, नाहीतर नसेल. गाल माझा असला म्हणून मला सगळंच कळतं असं थोडंच आहे?

न्हावी : अरे हसवू नकोस, हातात वस्तरा आहे माझ्या!

बायको : बघा की. हातात वस्तरा आणि हसताय. डोळे भरून आले हो माझे.

न्हावी : डाव्या गालावर चार हात झाले. उजव्यावरही चारच—

बायको : मोजायचं नाही! दोन्हीकडे सारखं करत बसणंही बंद सांगितलंय ना?

न्हावी : बरं, पाच. जा, सहा! ... आता गळा. मान सैल सोड आणि बोलू नकोस. हं. आला. तोच विचार आला.

बायको : येऊ दे. हात थांबवू नका.

न्हावी : नाही थांबवत. घामानं शर्ट चिकटलाय, पण हात चाललाय. काय रे, मी काही करणार... काय रे? ऐकतोयस ना?

(मेहुणा घोरू लागतो.)

बायको : अगं बाई! झोपला!

न्हावी : गळ्यावर वस्तरा असताना?

बायको : पहाटे तीनला बेकरीची भट्टी पेटवून आलाय. तरी नवलच. एरवी ह्याला दवाखान्यात भूल दिली तरी एक डोळा उघडा!

न्हावी : उठव त्याला. मला विचारायचंय.

बायको : काय?

न्हावी : ... काही नाही. झोपू दे. हनुवटीखाली थोडी राहिलीय, तेवढी हलक्या हातानं करून घेतो.