दोघांची वजाबाकी

शिपाई : बाई, ह्या म्हाताऱ्याला आता तुम्हीच सांगा. सकाळपासून दोनदा दाढी केलीय माझी. आता तिसऱ्यांदा साबण फासतोय.

न्हावी : हनुवटीखाली खुंट राहिलेत. मतदान केंद्राचा शिपाई असा दिसतो होय?

बाई : काका, ह्या खाणवस्तीत मतदार एकच, तुम्ही. मत टाका, मी पेटीला सील लावते आणि आम्ही निघतो. उतारावरचा रस्ता उजेडी गाठायचाय.

न्हावी : रांग मोठी आहे, बाई.

बाई : कुठली रांग?

न्हावी : खाण चालू होती तेव्हा ह्या दारापासून पार पाण्याच्या टाकीपर्यंत असायची. एकदा तर लांडगा उभा होता रांगेत. मीच हटकलं, 'नाव आहे का यादीत?' बिचारा शेपूट घालून परत गेला.

शिपाई : झाल्या थापा सुरू!

न्हावी : हलू नकोस, वस्तरा आहे. बाई, अर्ध्या दाढीचा उमेदवार ठाऊक आहे तुम्हाला?

बाई : नाही, आणि वेळही नाही.

न्हावी : ऐन मतदानाच्या दिवशी आला माझ्याकडे. म्हणाला, माझ्या एका मतावाचून काय अडलंय, आधी दाढी कर. एक गाल झाला आणि वस्तरा तुटला. दुसरा मिळेपर्यंत संध्याकाळ. गडी लाजेनं दाराबाहेर पडेना. एका मतानं पडला! ते मत त्याचं स्वतःचं.

शिपाई : आणि लांडगा निवडून आला?

बाई : काका, एका मताचं मोल एवढं ठाऊक आहे, मग तुमचं का अडवून ठेवलंय? आम्ही गेलो की इथे बोलायला कुणी नाही, म्हणून?

न्हावी : ते आहेच. पण मागच्या खेपेला यादीत दोन नावं होती.

बाई : हो. दुसऱ्यावर रेघ मारलीय.

न्हावी : सरळ मारलीय ना? वाकडंतिकडं काही चालायचं नाही आमच्या हिला.

बाई : सरळ आहे.

न्हावी : लग्न झाल्यापासून मी ह्या पक्षाला मत द्यायचो, ती त्या पक्षाला. जाताना भांडण, येताना भांडण. जावई म्हणायचा, 'दोघंही घरी बसा की. नाहीतरी वजाबाकीच होते.' पण आधी बसायचं कुणी? मी बसलो की ही गुपचूप जाऊन येणार! एकदा तापानं फणफणलो होतो. म्हटलं, गेली बाजी. तर हिनंच हाताला धरून इथवर आणलं. म्हणाली, 'तुम्ही अंथरुणात आणि मी जिंकले, ह्यात काय राम?'

बाई : मग आज?

न्हावी : मग आज मी कसा जिंकू? माझ्या माणसाला दिलं, तर ती नाही असं पाहून डाव साधला. तिच्या माणसाला दिलं, तर म्हणेल, 'मी गेले नि म्हातारा फुटला.' कोरी चिठ्ठी टाकली, तर दोघंही गेलो.

शिपाई : मग नकाच टाकू. एवढ्या मोठ्या मुलखात तुमच्या एका चिठ्ठीवाचून...

न्हावी : हा बघा, अर्ध्या दाढीवाला बोलला!

बाई : कुणाला द्या ते मी सांगणार नाही, काका. पण तुम्ही तिच्याविरुद्धच शिक्का मारणार, हे त्या दिवशी तिला ठाऊक नव्हतं?

न्हावी : ठाऊक होतं की. चांगलंच.

बाई : तरी आणलं.

न्हावी : तरी आणलं. वाटेत दोनदा बसलो मी. दोनदा उठवलं.

बाई : ही घ्या मतपत्रिका. पडदा तिकडे आहे.

(न्हावी वस्तरा पुसून ठेवतो आणि पडद्याआड जातो. बऱ्याच वेळानं पेटीत चिठ्ठी पडते.)

शिपाई : अहो, माझा दुसरा गाल!

न्हावी : करतो रे. आता मला कसली घाई? बाई, ही पेटी शहरात उघडली की कळेलच सगळ्यांना, म्हातारा कुणाकडे गेला ते.

बाई : नाही कळायचं. आधी बाकीच्या वस्त्यांच्या चिठ्ठ्यांत मिसळतात, मग मोजतात.

न्हावी : एकटी नाही ठेवत?

बाई : नाही.

न्हावी : बरं झालं. मत तरी चारचौघांत जाऊन बसेल.