घड्याळ मागे केल्याशिवाय

नॉर्मन: एक घोट, बेरिल. चमच्यानं दे हवं तर.

बेरिल: नाही म्हणजे नाही. फोनवरच्या मुलीनं बजावलंय, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पोटात काही जायचं नाही. कदाचित ऑपरेशन करावं लागेल म्हणाली.

नॉर्मन: मग कप नुसता नाकाखाली धर. चहाचा वास घेतला म्हणून कुणाचं ऑपरेशन अडलेलं ऐकलं नाही मी.

लोरेन: बेरिलमावशी, तुझं मागचं दार उघडंच... अहो काका! फरशीवर काय करताय?

नॉर्मन: ये, लोरेन. पाठीनं फरशी पुसतोय. तुझ्या मावशीला माझं पुसणं आवडत नाही, म्हणून नवी तऱ्हा.

बेरिल: स्टुलावरून पडला गं. वर्षातून एकदा घड्याळं तासभर मागे करायची ना, आज तो रविवार. ते भिंतीवरचं घड्याळ काढायला चढला होता. कंबरेला लागलंय, उठताच येत नाही.

लोरेन: कधी पडले?

बेरिल: न्याहारी झाल्यावर.

लोरेन: न्याहारी? मावशी, दुपार टळली! मी भिंतीपलीकडे राहते, एक हाक मारायची नाही?

बेरिल: तुझी सुपरमार्केटात रात्रपाळी असते. म्हटलं, आत्ता कुठे डोळा लागला असेल बिचारीचा.

लोरेन: धन्य आहे! आणि हात केवढे गार पडलेत यांचे. रजई घातलीयेस, पण खाली फरशी बर्फ आहे नुसती. हीटर का बंद?

नॉर्मन: सांग सांग, आपल्या घरचा कायदा सांग तिला.

बेरिल: घड्याळ मागे केल्याशिवाय आम्ही हीटर लावत नाही. लग्न झाल्यापासूनची पद्धत आहे. त्यात हल्ली बिलं अशी येतात की पाकीट उघडायला हात धजत नाही.

लोरेन: अगं, पण साऱ्या देशाची घड्याळं रात्रीच मागे गेली!

बेरिल: आमचं कुठे गेलंय? ते बघ की, अजून तासभर पुढेच आहे.

लोरेन: मावशी, तुला वेड लागलंय का? लाव तो हीटर! आधी लाव!

बेरिल: लावते गं, लावते. ओरडू नकोस.

नॉर्मन: बघ, लोरेन, हीटर लागावा म्हणून तर स्टुलावर चढलो होतो. काम झालं म्हणायचं.

लोरेन: तुम्ही गप्प पडा जरा. मावशी, फोनवर काय काय सांगितलंस? शब्दन्‌शब्द सांग.

बेरिल: खरं तेच. पडलाय, उठता येत नाही. तिनं विचारलं, नीट बोलतायत का? म्हटलं, बोलतोय? थांबला तर शपथ! मग म्हटलं, आमच्यासाठी धावपळ करू नका. आमच्याहून अडलेली माणसं असतील, त्यांच्याकडे आधी जा.

लोरेन: असं म्हणालीस तू?

बेरिल: बोलायची काही रीत असते, लोरेन. किती दमलेला आवाज होता त्या पोरीचा.

लोरेन: तुझ्या या रीतीनं काकांना रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवलं! ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, हे सांगितलंस?

बेरिल: विचारत होती काहीतरी गोळ्यांचं. हा मागून म्हणाला, बारीकसारीक सांगत बसू नकोस, फोन अडून राहतो.

लोरेन: बारीकसारीक? माझी आई त्याच गोळ्या घ्यायची. आतल्या आत रक्त वाहतं आणि बाहेर थेंब दिसत नाही! डोकं आपटलं का?

नॉर्मन: कपाटानं आपटलं. मी काही केलं नाही त्याला.

लोरेन: मी गाडी काढते. दोघी मिळून उचलू.

नॉर्मन: मघाशी हिनं नुसता पाय सरळ केला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि नेणार कुठे? आपल्या गावचं इस्पितळ तर गेलं. उभा जन्म नऊ नंबरची बस त्या दारापर्यंत नेली मी. आधी बस बंद केली, मग दारच बंद केलं.

लोरेन: त्याच दारासाठी मी घरोघर हिंडत होते. मोर्चाला चला म्हणून इथे या उंबऱ्यात उभी होते.

बेरिल: अर्जावर सही दिली होती आम्ही.

लोरेन: मोर्चाला नाही आलात.

बेरिल: इस्पितळ बंद करायला मत देणारी ती नगरसेविका चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायची गं. केक आणायची माझ्यासाठी. तिच्या नावानं रस्त्यात कसं ओरडायचं?

नॉर्मन: मग पुढच्या वेळी दुसऱ्यांना मतं दिली. तेही फार गोड बोलायचे.

लोरेन: द्या तो फोन इकडे. हॅलो? हो, तोच पत्ता. सकाळपासून पडलेत, आणि ऐका, ते गोळ्या... काय? त्यांच्याशीच बोलायचंय? काका, घ्या. आणि नीट सांगा, कळलं?

नॉर्मन: नमस्कार, बाई. छान, आभारी आहे. तुमचं कसं चाललंय? रविवारचंही बसवतात होय तुम्हाला? ... नाही हो, दुखणं किरकोळ. जरा झोप येतेय, एवढंच. बाकी मजेत.

लोरेन: द्या इकडे! हॅलो? हॅलो? ... ठेवला. मजेत आहे म्हणणाऱ्याला कोण लवकर गाडी देईल! काय माणसं आहात तुम्ही! घर पेटलं तर बंबवाल्यांना आधी चहा विचाराल.

नॉर्मन: विचारूच की. बेरिल, दिवा का घालवलास?

बेरिल: चालू आहे रे. तुझ्या डोक्यावरच आहे.

नॉर्मन: असं का? आजपासून अंधार लवकर पडणार. आजचा तो जास्तीचा तास होता ना, त्यात तुला समुद्रावर न्यायचं मनात होतं. कोट घालून बसलो असतो बाकावर.

बेरिल: नॉर्मन, मला भीती वाटतेय. तुझे ओठ कसे दिसतायत बघ.

नॉर्मन: त्या मुलीला नको सांगूस हं. उगाच तिच्या जिवाला घोर.

लोरेन: काका? काका, डोळे उघडा! मावशी, हा फोन धर. तू बोल आता. मी त्यांच्या पाठीस लागले तर मला आगाऊ शेजारीण म्हणतील. तू बायको आहेस. आणि ओरड!

बेरिल: मला नाही गं ओरडता येत.

लोरेन: उत्तर देत नाहीयेत ते, मावशी!

बेरिल: हॅलो? मी... नाही, नाव नंतर! माझा नवरा मरतोय! डोकं आपटलंय, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतो, आता ओ देत नाही! मी मघाशी खोटं बोलले, ऐकलंत? तो ठीक नव्हता! सकाळीसुद्धा नव्हता! पाठवा! आत्ताच्या आत्ता पाठवा! ... लोरेन, निघाली! गाडी निघाली! ... हो, बघते. लोरेन, ती विचारतेय, छाती हलतेय का?

लोरेन: नाही.

बेरिल: दाब म्हणतेय. दोन्ही हातांनी, जोरात. थांबू नकोस म्हणतेय.

लोरेन: दाबतेय. दाबतेय मी.

(बराच वेळ फक्त लोरेनच्या धापा ऐकू येतात.)

बेरिल: बस कर, पोरी.

लोरेन: ती म्हणाली थांबायचं नाही...

बेरिल: साठ वर्षं शेजारी झोपले त्याच्या. मला कळतं. ऊठ तू. ... हॅलो, बाई? आहात ना अजून? आता धावपळ करू नका. ती गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या. ... हो, शेजारीण आहे माझ्याजवळ. आणि हे बघा, मघाशी तुमच्यावर ओरडले, त्याबद्दल माफ करा हं.