माझ्या छपरावरचं बर्फवाल्याचं ऊन

नाही, बाकीचं राहू द्या, मला फक्त एवढं सांगा, ऊन कुणाचं? पहिलीतलं लेकरू सांगेल हो, ज्याच्या डोक्यावर पडेल त्याचं! मीपण पन्नास वर्षं हेच धरून चाललो होतो आणि तुम्हाला सांगतो, तिथेच बुडालो! ऊन ज्याच्या डोक्यावर पडतं त्याचं नसतं. ऊन ज्याच्याकडे कागद, त्याचं!

आता माझा बटणांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक लांबट शेड, सात मशिनं आणि अकरा बायका, आणि त्या अकराजणींवर आमची ही. ही म्हणजे बायको. ती मशिनं सांभाळते, मी गिऱ्हाइकं सांभाळतो आणि सासरेबुवा, म्हणजे नाना, छप्पर सांभाळतात. हसू नका! छपरावर माझी चाळीस सोलर पॅनलं आहेत आणि नाना रोज सकाळी कानटोपी घालून शिडीनं वर जातात अन् एकेक पॅनल असं पुसतात, असं पुसतात की कावळासुद्धा वरून जाताना आपला भांग बघून घेतो. लांब दांड्याचा ब्रश आहे, पुढे स्पंज, मध्ये पाण्याची नळी. या ब्रशाकडे लक्ष ठेवा. सगळी पनवती त्या ब्रशात आहे.

तर आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक कोट शिवणारी कंपनी. अर्ध्याहून जास्त माल त्यांचाच. त्यांचं पत्र आलं, की यापुढे आम्ही हरित विजेवर बनलेलीच बटणं घेणार, शुक्रवारपर्यंत सिद्ध करा, नाहीतर राम राम. मी तर उडीच मारली! हिला म्हटलं, "अगं, आपल्याइतकं हिरवं कोण आहे?" ही म्हणाली, "उड्या नंतर मारा. ऑर्डर गेली तर यातल्या सहाजणींना मला घरी बसवावं लागेल. कुठल्या सहा, ते तुम्ही सांगायचं त्यांना." झालं... उडी मारलेला माणूस हवेतच राहिला.

गुरुवारी कंपनीच्या तपासनीस बाई आल्या. शांत हो, अगदी शांत. माणूस इतका शांत असला ना, की समजावं, आता आपलं काही खरं नाही. मी त्यांना छपरावर नेलं, ऊन दाखवलं, नाना दाखवले. नानांनी ब्रश खांद्याला लावून सलामी दिली! बाई घाम पुसत म्हणाल्या, "छान. प्रमाणपत्र?"

"कसलं?"

"ही वीज सूर्याची आहे याचं. उगमाचं प्रमाणपत्र."

म्हटलं, बाई, तुम्ही त्याच्याखाली उभ्या आहात! तुमचं नाक लाल झालंय! आणखी कसलं प्रमाणपत्र? तर म्हणाल्या, "नाक मला अहवालाला जोडता येत नाही."

मग माझ्यातला नट जागा झाला. खाली आलो, सगळ्या बायकांना म्हटलं, मशिनं चालू ठेवा गं, आणि म्हटलं, बघा बाई, आता हे खांबावरच्या विजेचं बटण मी बंद करतो, आणि तरीही मशिनं कशी उन्हावर पळतात ते बघा! आणि खाट्कन बंद केलं... आणि सगळं बंद! मशिनं बंद, पंखे बंद, दिवे बंद! बाहेर अंडं ठेवलं तर उकडेल असं ऊन आणि आत आम्ही चौदाजण काळोखात! कुणीतरी फिस्सकन हसलं. हीच हसली असणार. तर म्हणे, ते यंत्रच तसं असतं, खांबावरची वीज गेली की सोलरनंही मान टाकायची, म्हणजे खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसत नाही. अहो, मग हे मला आधी नको का सांगायला!

काळोखातून बाईंचा आवाज आला. तोच, शांत. "प्रमाणपत्रं निघतात हो तुमच्या पॅनलांची. मी यादीत पाहिलं. फक्त ती तुमच्या नावावर नाहीत."

सोलरवाल्याला फोन लावला. तो असा मधाळ, की फोनचा कान चिकट होतो. "साहेऽब, कसं चाललंय? ब्रश बरा आहे ना?" म्हटलं, ब्रशाचं काय मध्येच? तर म्हणाला, "विसरलात? पॅनलं बसवली तेव्हा तुम्ही म्हणालात, काहीतरी फुकट द्या. मी म्हटलं, वीज तुमची, तिची कागदपत्रं दहा वर्षं आमची, त्या बदल्यात हा ब्रश. तुम्ही म्हणालात, कागद घालायचेत काय चुलीत? आण ब्रश!"

आणि तुम्हाला सांगतो, मी म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत! सही करताना वर आणखी विचारलं होतं, की स्पंज दोन द्याल का!

ही कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "अहो... तुम्ही सूर्य विकलात? ब्रशावर?"

"दोन स्पंज होते गं."

बाई म्हणाल्या, "एका उन्हाला दोन मालक नसतात. कागद ज्याच्याकडे, हिरवेपणा त्याचा. उरलेली वीज तुमची. ती वापरा, पण ती सूर्याची आहे असं म्हणायचं नाही." म्हणजे बघा, गाय माझी, गोठा माझा, दूध मीच पितोय, पण दूध म्हणायचं नाही!

बरं, सोलरवाल्यानं विकलेले कागद गेले कुणाकडे? समोर! रस्त्यापलीकडच्या बर्फवाल्याकडे! ज्याचा जनरेटर दिवसभर धडधडतो, ज्याची काजळी माझ्या पॅनलांवर बसते, जी नाना रोज पुसतात, त्या बर्फवाल्याकडे! दारात ही एवढी मोठी फ्रेम, 'आमचा बर्फ शंभर टक्के सूर्यप्रकाशापासून.' अहो, बर्फ! सूर्यापासून! आणि लोक फ्रेमसमोर उभं राहून फोटो काढतात!

गेलो. हात जोडले. म्हटलं, दादा, अकरा बायकांचा प्रश्न आहे, माझं थोडं ऊन परत द्या. तो म्हणाला, "अहो शेजारी, तुमच्यासाठी जीव देईन, पण ऊन कसं देऊ? प्रमाणपत्र एकदा वापरलं की रद्द होतं. तुमचं गेल्या वर्षीचं ऊन सगळं बर्फात गेलं."

"आणि यंदाचं?"

"लाद्यांत. पुढचंही बुक केलंय. मुद्दाम तुमचंच मागितलं हो. म्हटलं, लांबचं कशाला? शेजाऱ्याला हातभार!" आणि जाताना बर्फाचा एक तुकडा दिला. फडक्यात गुंडाळून. माझंच ऊन!

ऊन ज्याच्याकडे कागद, त्याचं! लोकांच्या काखेत कळसा असतो, माझ्या तर डोक्यावर होता, आणि वळसा घालून मी परत त्याच सोलरवाल्यापाशी! शुक्रवार उजाडला होता. म्हटलं, बाबा रे, कुठलंही प्रमाणपत्र दे, पण हिरवं दे. तो म्हणाला, "साहेऽब, ऊन संपलं. वारा उद्या येईल. पाणी आहे, देऊ? लांबच्या धरणाचं आहे, पण एकदम ताजं."

घेतलं. काय करणार?

दुपारी बाईंनी कागद पाहिला, शिक्का मारला आणि पहिल्यांदा हसल्या. "अभिनंदन. आता तुमची वीज हरित आहे." कालही हीच वीज होती हो, याच वायरीतून! पण मी हात जोडले. माझ्यामागे अकरा बायका श्वास रोखून उभ्या होत्या. शिक्का पडला आणि सातही मशिनं एकदम सुरू झाली. हिनं डोळ्याला पदर लावला आणि मला म्हणाली, "यापुढे फुकट काही आणाल तर याद राखा."

सगळं छान झालं. फक्त सोमवारी बटणांबरोबर लावायची नवी लेबलं आली, 'ही बटणं नदीच्या पाण्यावर बनली आहेत.' नाना छपरावरून उतरत होते. कानटोपी, भिजलेली बाही, खांद्यावर ब्रश. त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं. परत वाचलं. मग वर पॅनलांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "जावईबापू, बटणं जर नदीवर होतात... तर मी रोज वर जाऊन पुसतो काय?"

काय सांगणार? माणूस अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. म्हटलं, "नाना, बर्फ."